पडशाची शिंक धरत नाहीत

माझं लग्न सोपानआप्पांनी जुळवलं. त्यामुळं त्यांच्याबद्दल बरं लिहावं की वाईट, हे मला बायकोला विचारून ठरवावं लागतं. मंगल म्हणाली, "खरं काय ते लिहा." म्हणजे इतक्या वर्षांत तिचंही अजून ठरलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात आप्पा गेले. त्यांच्या दहाव्याला नदीवर जमलेली माणसं आधी गंभीर चेहरे करून बसली होती. मग कुणीतरी त्यांच्या शिंकेची एक गोष्ट काढली, दुसऱ्यानं दुसरी काढली, आणि काकस्पर्शाची वाट बघता बघता सगळा घाट हसायला लागला. भटजींनी दोनदा डोळे वटारले. तिसऱ्यांदा ते स्वतःच एक गोष्ट सांगायला लागले. तेव्हाच ठरवलं, हे लिहून ठेवायचं.

आप्पा आमचे शेजारी, आणि लांबच्या भावकीतले चुलते. शिरूरच्या अलीकडं, घोड नदीच्या कडेनं आमचं गाव. तिथं आप्पांचा शेवंतीचा मळा. सकाळी फुलं तोडून क्रेट भरायचे, टेम्पोत टाकून पुण्याच्या मार्केटला पाठवायचे, आणि मग अंघोळ करून, टोपी घालून सोयरिकीच्या कामाला बाहेर पडायचं, हा त्यांचा रोजचा नेम. या कामाचं ते काही घेत नसत. शिरूर तालुक्यातली मुलगी आणि दौंड तालुक्यातला मुलगा, किंवा उलटं, ही त्यांची खासियत. "मधी भीमा हाय. तिच्यावरचा एक पूल सरकारनं बांधला, बाकीचं मी बांधलं," असं ते म्हणायचे आणि समोरचा हसायच्या आत शिंकायचे.

शिंकायचे म्हणजे साधं काम नव्हतं. आधी उजव्या हाताचं बोट वर जायचं. नवख्या माणसाला वाटायचं, आप्पांना काही मुद्दा मांडायचाय. सगळे गप्प व्हायचे. आप्पांचे डोळे मिटायचे, मुळातलंच ऐसपैस नाक आणखी पसरायचं, आणि मग जो आवाज व्हायचा त्यानं बाहेर दावणीची म्हैस उठून उभी राहायची. एकीवर भागायचं नाही, पंगत बसल्यासारख्या ओळीनं यायच्या. शेवटची झाली की जुन्या धोतराचा फाडलेला रुमाल काढून ते नाक पुसायचे आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं सुरू करायचे. मला याचा भारी राग यायचा. तसा मला कशाचाही येतो. पण एवढं शिंकून माणूस वाक्य विसरत कसा नाही, याचा जास्त यायचा.

आता यात एक मोठी गोची होती. आमच्या भागात शुभ कामाला शिंक आडवी गेली की काम थांबतं. बोअर घ्यायची असो की पेरणी करायची असो, कुणी शिंकलं की हातातलं ठेवायचं, घोटभर पाणी प्यायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि मग पुन्हा हात घालायचा. सोयरिकीच्या बैठकीत तेवढ्यावर भागत नाही. तिथं आधीच दोन्हीकडच्या चार म्हाताऱ्यांच्या मनात काहीतरी सलत असतं, आणि शिंक म्हणजे त्यांना आयतं निमित्त. लग्न मोडलं की लोक विचारतात, कुठं माशी शिंकली? आमच्याकडं माशीवर तो आळ कधी आलाच नाही. शिंकणारा सगळ्यांना माहीत असायचा.

या कायद्यात पळवाट एकच. ज्याला पडसं झालंय त्याची शिंक धरत नाहीत. त्याचं नाकच बिघडलेलं, त्यात देवाचा काय संबंध? या एका पळवाटेवर आप्पांनी सगळी हयात काढली, कारण दसरा झाला की त्यांच्या शिंका सुरू व्हायच्या त्या शिमग्यापर्यंत. आणि लग्नं जुळवायचे दिवसही नेमके तेच.

म्हणून आप्पा प्रत्येक बैठकीला पडसं घालून जायचे. गळ्याला मफलर, डोक्याला टोपीवरनं कानटोपी, कपाळाला बाम. उंबऱ्यात पाय ठेवतानाच, अजून रामरामसुद्धा झालेला नसताना, घोगऱ्या आवाजात सांगून मोकळे व्हायचे, "जरा पडसं हाय बरं का मंडळी." मंडळी म्हणायची, "आसू द्या, आसू द्या." झालं, विमा उतरला. एकदा शिमग्याच्या उन्हात दौंडला एका पत्र्याच्या घरात बैठक होती. आप्पा मफलर-कानटोपीत, मानेवरनं घामाच्या धारा. घरमालकानं बिचाऱ्यानं पंखा त्यांच्याकडं वळवला, तर म्हणाले, "नगं, वारं बाधंल." मी शेजारी बसलो होतो. त्यांच्याकडं बघूनच मला भोवळ यायला लागली.

याची त्यांना शिक्षाही होती. लग्नात जिलेबी-मठ्ठ्याची पंगत बसली की पडशाच्या माणसाला मठ्ठा वाढत नाहीत. वाढपी आला की आप्पा पानावर हात आडवा धरायचे आणि त्या बादलीकडं बघत राहायचे. मठ्ठ्यावर त्यांचा भारी जीव. लग्नाहून परत आले की मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात शिरायचे आणि मंगलला म्हणायचे, "पोरी, हाय का काही आंबट?" मग उभ्या उभ्या तांब्या संपवून, मिशा पुसून, पुढच्या दारानं खोकत बाहेर पडायचे.

मंगलला बघायला गेलो तेव्हाही हेच. दौंडजवळच्या वाडीवर तिचं माहेर. कुंकू लावायची वेळ आली, आप्पांना मानाचा हार घातला, आणि बोट वर गेलं. मंगलची आजी ताटातली सुपारी मुठीत धरून थांबली. आप्पांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "पडसं हाय, म्हातारे." आजी म्हणाली, "पडशाची धरत न्हाईत," आणि माझं लग्न ठरलं. अजूनही भांडण हाताबाहेर गेलं की मंगल म्हणते, "त्या दिवशी कुणीतरी त्यांच्या कपाळाला हात लावून बघायला पायजे होतं."

एका हंगामात आप्पांचे डोळे इतके सुजले की टेम्पोवाल्याला त्यांनी ओळखलं नाही. मी त्यांना मोटारसायकलवर घालून शिरूरला एका तरुण डॉक्टरीनबाईंकडं नेलं. बाईंनी विचारलं, "ताप येतो का?"

"येतो की."

"येत नाही," मी म्हणालो.

आप्पांनी माझ्या पायावर पाय दिला. बाईंनी ताप मोजला, घसा बघितला, छाती तपासली. अंग मोडून येतं का, घसा दुखतो का, नाकातनं घट्ट येतं की पाणी गळतं, डोळे खाजतात का, सगळं विचारलं. आप्पा दरवेळी आधी माझ्याकडं बघायचे आणि मग खरं सांगायचे.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "पडसं आठवड्यात, फार तर दहा दिवसांत आवरतं. त्यात घसा धरतो, कणकण येते, अंग दुखतं, आणि दोन-तीन दिवसांत शेंबूड घट्ट होतो. तुम्हाला यातलं काहीच नाही. डोळे खाजतात, टाळू खाजते, पाणी गळतं, शिंका एकामागून एक येतात, आणि दरवर्षी त्याच महिन्यांत. ही अ‍ॅलर्जी आहे. शेतात काय पिकवता?"

"शेवंती."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्चीत मागं रेलून हसल्या. चांगल्या घरची मुलगी असावी, लगेच माफीही मागितली. मग म्हणाल्या, "पीक बदलता आलं तर बघा. नाहीतर तोंडाला रुमाल बांधून फुलं तोडा. गोळ्या देते."

आप्पा पुढं सरकले. "बाई, आसं करता का? गोळ्या अ‍ॅलर्जीच्या द्या, आन् कागदावर पडसं लिवा."

"असं कसं लिहीन मी?"

"तुमचं काय जातंय? कंपनीतली पोरं रजंला पोटदुखी लिहून घेत्यात की."

बाईंनी लिहिलं नाही. परतीच्या वाटेवर मी चहाला थांबलो आणि चांगला तापलो. म्हटलं, एवढी शिकलेली बाई सांगते तर मान्य करायला काय जातं तुमचं? अ‍ॅलर्जी म्हणजे काही चोरी आहे का? आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि सावकाश म्हणाले, "तुला कळत न्हाई. पडसं म्हणलं की माणूस सोडून देतो. अ‍ॅलर्जी म्हणलं की इचारणार, म्हंजी पडसं न्हाई ना? मग शिंक खरी. आन् एक शिंक खरी ठरली की मागच्या समद्या खऱ्या ठरत्यात. कितीक घरं उभी केल्यात मी. म्हातारी माणसं रात्रभर आठवत बसतील, आपल्या टायमाला हा शिंकला व्हता का म्हणून." मला आठवत बसायची गरज नव्हती. माझ्या टायमाला ते शिंकले होते.

गोळ्या मात्र त्यांनी एकदा घेऊन बघितल्या. कोरेगाव भीमाला बैठक होती. शिंक एकसुद्धा आली नाही, पण झोप आली. आप्पा लोडाला टेकले आणि त्यांची मान हलायला लागली. इकडं वाद चालला होता, लग्न मुलीच्या दारात की मुलाच्या. मुलीचा मामा म्हणाला, "आमच्या दारात." आप्पांची मान हलली. मुलाचा चुलता म्हणाला, "जेवण तर आमच्याकडंच." मान पुन्हा हलली. दोन्हीकडच्यांनी त्यांचा शब्द प्रमाण मानला. सकाळी मुलीच्या गावात लग्न लागलं, आणि दुपारी सगळं वऱ्हाड ट्रकांत भरून मुलाच्या गावी जेवायला गेलं. दोन्ही गावं अजून सांगतात, असा न्याय आप्पांशिवाय कुणाला जमला नसता. आप्पांनी मात्र गोळ्यांची पट्टी गोठ्याच्या वळचणीला खोचून टाकली. मला म्हणाले, "शिंकणारा मध्यस्थ चालंल, घोरणारा न्हाई."

आप्पांना एकच मुलगी, सुवर्णा. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. आप्पांनी तिची वेणी घालण्यापासून सगळं केलं. वेणी वाकडी यायची, पण तिच्यात फूल रोज ताजं असायचं. त्यापायी सकाळी सकाळी शिंकायचे, तरी माळायचे. पोरगी शिकली, रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला लागली, आणि तिथंच काम करणाऱ्या भांडगावच्या नीलेशशी तिचं जमलं. तिनं घरी येऊन सरळ सांगितलं. आप्पा दोन दिवस सोयरिकीच्या कामाला बाहेर पडले नाहीत. जातपात, शेतीवाडी, पोराचं वळण, सगळं बसत होतं. दुःख वेगळंच होतं. "दोन तालुक्याच्या पोरी मी दिल्या, आन् माझ्या घरची सोयरीक कंपनीत जुळली," असं त्यांनी मंगलजवळ बोलून दाखवलं. सुवर्णानंही मंगलजवळच बोलून दाखवलं, "काकी, हे मोडलं तर मी दुसऱ्या कुणाम्होरं पोह्याचं ताट घेऊन जाणार न्हाई. आप्पांना सांगून ठेवा." पोरगी बापावर गेलेली, म्हणजे बोलली की बोलली.

मुलीच्या बापानं स्वतःच मध्यस्थी करणं बरं दिसत नाही, म्हणून मला मध्यस्थ केलं. मला सूचना एकच, "तू फकस्त मान हलवायची. जागा राहून."

सुपारी फोडायला भांडगावची मंडळी आली ती माघात, मळा भरात असताना. मंडळी म्हणजे खरं तर नीलेशची आजी. तिला सगळे आक्का म्हणायचे. लहानखुरी, नऊवारीतली, बोलायला हळू. तिच्यासोबत आलेले सहा फुटी पुरुष ती बसल्यावर बसले. आप्पांनी आपली सवय सोडली नाही. मफलर, कानटोपी, बाम, आणि दारातच, "जरा पडसं हाय बरं का, आक्का." आक्कानं नुसतं "व्हय का?" म्हटलं आणि त्यांच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.

पाहुण्यांचा मान म्हणून घरच्या शेवंतीचे हार आणले होते, हातभर लांब. आप्पांनी स्वतः घातले. सुपारी ताटात ठेवली, नीलेशच्या चुलत्यानं अडकित्ता उचलला, आणि बोट वर गेलं. मी मनात गणपती, खंडोबा, भैरोबा, आठवेल त्याला हाक मारली. काही उपयोग झाला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

चुलत्याचा हात जागीच थांबला. आप्पा म्हणाले, "पडसं हाय."

"पडशाची धरत न्हाईत," मी मध्यस्थ या नात्यानं ताबडतोब म्हणालो.

"पडशाची न्हाईच धरत," आक्का म्हणाली. "आप्पा, जरा हिकडं सरकता का?"

आप्पा सरकले. आक्कानं कानटोपी वर सारून त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "ताप न्हाई."

"आतनं हाय."

"अंग दुखतंय?"

"लई."

"मगाशी आमची गाडी मळ्याकडनं आली तवा तुमी दोन-दोन क्रेट उचलून टेम्पोत टाकत व्हता. घसा?"

"बसलाय."

"ह्या घशानं तुमी मळ्यातनं वस्तीवरच्या माणसाला हाका मारीत व्हता. रुमाल दावा."

आप्पांनी रुमाल दाखवला. सुपारी फोडायला आलेल्या घरात नवऱ्या मुलाच्या आजीनं मुलीच्या बापाचा नाक पुसायचा रुमाल उजेडाला धरून बघितला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. "नुसतं पाणी," आक्का म्हणाली. "किती दिस झालं?"

आप्पांचं इथं चुकलं. आयुष्यभर खोटं बोलून सवय झाली तरी माणूस गाफील क्षणी खरं बोलतो. म्हणाले, "दसऱ्यापासनं."

"दसऱ्यापासनं माघापस्तोर पडसं?" आक्कानं रुमालाची घडी घालून परत दिला. "मी बी नातवंडं वाढवल्यात, आप्पा. हे पडसं न्हाई. आन् पडसं न्हाई तर शिंक खरी." चुलत्यानं अडकित्ता खाली ठेवला. सहा फुटी पुरुष उठायच्या बेतानं आक्काकडं बघायला लागले. आतल्या दारात सुवर्णा उभी होती. ती रडत नव्हती. ती फक्त आप्पांकडं बघत होती, आणि ते बघणं मला सोसेना.

आप्पांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. आमच्या बाजूला बसलेल्या निम्म्याअधिक माणसांची लग्नं त्यांनीच जुळवलेली होती. मग त्यांनी गळ्यातला मफलर काढला, कानटोपी काढली, टॉवेलानं कपाळावरचा बाम पुसला.

"आक्का, खरं हाय तुमचं. पडसं न्हाई. ही शेवंतीची अ‍ॅलर्जी. शिरूरच्या डॉक्टरीनबाईंनी सांगितल्याला बी लई दिस झालं. आजवर जितक्या बैठकीत शिंकलो, तितक्यात मला कवाच पडसं नव्हतं."

खोलीत कुजबुज उठली. एकजण म्हणाला, "म्हंजी आमच्या टायमाला..."

"व्हय, तुझ्या बी. आन् ह्याच्या बी," आप्पा माझ्याकडं हात करून म्हणाले. "पर समद्यांची घरं उभी हायत का न्हाईत? पोरंबाळं हायत का न्हाईत? शिंक देवाची आसती तर एखादं तरी मोडलं आसतं."

"एखादं मोडायला पायजे होतं," मंगल माझ्या मागून हळूच म्हणाली.

आक्का विचारात पडली. तिला असा मुद्दा कुणी आजवर ऐकवला नसावा. शेवटी म्हणाली, "फुलं भायेर न्या." सगळे हार काढून अंगणात नेले. आम्ही सगळे आप्पांच्या नाकाकडं बघत बसलो. चहा झाला, दुसरा चहा झाला. शिंक नाही. "आना आत." हार आत आणले, आप्पांच्या नाकापुढं धरले. बोट वर. "न्या भायेर." पुन्हा शांत. "आना." पुन्हा बोट वर. असं किती वेळा केलं देव जाणे. शेवटी हार धरणारे दमले आणि आप्पा कळवळून म्हणाले, "आक्का, जीव जाईल आता."

आक्कानं निकाल दिला. फुलाची शिंक ही पडशाच्याच ओळीत बसवायची, ती धरायची नाही. सुपारी फुटली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात ती पुढं म्हणाली, "पर मुहूर्ताला मला धोका नगं. आमची म्हातारी माणसं येणार, त्यांना कुठं समजावत बसू? मांडवात शेवंती तरी ऱ्हाईल, न्हाईतर आप्पा तरी."

"मी भायेर ऱ्हातो," आप्पा म्हणाले. विचार करायलासुद्धा थांबले नाहीत.

मंडळी गेल्यावर त्या घरात जे भांडण झालं ते आम्हाला भिंतीपलीकडून सगळं ऐकू आलं. सुवर्णा म्हणत होती, कागदाची फुलं लावू, मला चालतील. आप्पा म्हणत होते, शेवंतीवाल्याची पोर कागदाच्या फुलांत उभी राहिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. सुवर्णा म्हणाली, बाप नसलेल्या मांडवात उभी राहिले तर काय घालतील? मग आप्पांचा आवाज आला. "मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं न्हाई, तुळशीपाशी जाऊन हुभं ऱ्हायचं, आशी रीत हाय ना? तुझी आई न्हाई. तिच्या वाटचं मी हुभा ऱ्हातो." मी मंगलकडं बघितलं तर ती पदर डोळ्याला लावून बसली होती. मलाही भरून आलं, आणि त्याचा मला रागही आला.

लग्न रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं. पहाटेपासून आप्पांनी नाकाला टॉवेल बांधून, शिंकत शिंकत, मांडव स्वतः सजवून घेतला. खांबाखांबाला पांढरी-पिवळी शेवंती, स्टेजला शेवंतीचा पडदा. असा मांडव मी पुन्हा पाहिला नाही. गोळी घ्या म्हणून मंगलनं दोनदा सांगून बघितलं, तर म्हणाले, पोरीच्या लग्नात झोपतो की काय. आणि मुहूर्ताची वेळ झाली तसे गुलाबी फेटा बांधून, मुठीत अक्षता घेऊन, फाटकाबाहेर जाऊन आपल्या टेम्पोशेजारी उभे राहिले. कन्यादान मी आणि मंगलनं करायचं ठरलं होतं.

अंतरपाट धरला. भटजींनी माइकवर सुरुवात केली. पहिलं मंगलाष्टक झालं आणि सुवर्णा म्हणाली, "थांबा जरा." भटजी थांबले. "काका, आप्पांना आत आणा."

मी गेलो. आप्पा म्हणाले, "सांग तिला, मला हितनं समदं ऐकू येतंय." मी परत आलो, सांगितलं. सुवर्णा म्हणाली, "ऐकायला न्हाई, बघायला बोलावलंय म्हणावं." मी पुन्हा गेलो. फाटकाशी पोचतोय तोवर मागं गलका झाला. वळून बघतो तर शालू सावरत, मुंडावळ्या एका हातानं धरून पोरगी स्वतःच येत होती, आणि मांडवातली माणसं अक्षतांच्या मुठी छातीशी धरून तिला वाट करून देत होती.

"आईला इलाज नव्हता," ती आप्पांना म्हणाली. "तुमाला हाय. चला."

"शिंक आली तर?"

"यिऊ द्या."

तिनं त्यांचं मनगट धरलं आणि नेलं. आप्पा श्वास धरून चालत होते, लाल झाले होते. स्टेजच्या पायरीशी त्यांना उभं केलं. भटजी आता घाईला आले होते. शेवटचं मंगलाष्टक झालं, "सावधान" झालं, अंतरपाट खाली आला, सुवर्णानं हार उचलला, आणि बोट वर गेलं.

ते बोट आता सगळ्या मांडवाला माहीत होतं. ताशावाल्यानं काड्या उचलल्या होत्या, त्या तशाच हवेत राहिल्या. आप्पांची शिंक त्या शांततेत अशी घुमली की माइकनं ती रस्त्यापर्यंत पोचवली. सगळं वऱ्हाड पहिल्या रांगेतल्या आक्काकडं बघायला लागलं. तिच्या शेजारी भांडगावच्या म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

आक्कानं मूठभर अक्षता जोडप्याच्या दिशेनं फेकल्या आणि ताशावाल्याकडं वळून म्हणाली, "वाजव की रं, बघतोस काय?"

मग जो ताशा कडाडला त्यात आप्पांच्या बाकीच्या शिंका बुडून गेल्या. दोघांनी एकमेकांना हार घातले, माणसं उठली, अक्षतांचा पाऊस पडला. शिंकांची पंगत उठली तेव्हा आप्पांनी डोळे उघडले आणि माझी बाही धरली.

"घातला का रं हार पोरीनं?"

"घातला की आप्पा."

"मी न्हाई बघितला. डोळं मिटलं व्हतं."

त्यांचा चेहरा एवढा पडला होता की मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर रागावलो नाही. स्टेजवर जाऊन सुवर्णाच्या कानात सांगितलं. तिनं आक्काकडं बघितलं. आक्का म्हणाली, "घाल बाई पुन्यांदा, बापाला दिसू दे."

सुवर्णानं नीलेशच्या गळ्यातला हार काढला, दोन्ही हातांत धरला, आणि आप्पांकडं बघत थांबली. आप्पा त्या सगळ्या शेवंतीत, दोन बोटांनी नाक घट्ट दाबून, तोंडानं श्वास घेत, डोळे जितके उघडता येतील तितके उघडून उभे होते. त्यांनी मान हलवली, आणि तिनं हार घातला.